नालट्रेक्सोन : अल्पमात्रा उपचार व तात्पुरते अफूसम वेदनाशमन

नालट्रेक्सोन हे अफूसम द्रव्यांच्या क्रियेस विरोध करणारे एक संश्लेषित औषध आहे. मॉर्फीन, कोडीन, हेरॉइन, फेंटानिल इ. द्रव्ये तंत्रिका तंत्रातील ज्या ग्राहींशी संलग्न होऊन वेदना शमवितात, त्याच ग्राहींना हे औषध चिकटते. मात्र ते त्यांना उद्दीपित करीत नाही. परिणामी ग्राही व्यापलेले राहतात व अफूसम द्रव्यांना तेथे वाव मिळत नाही. अफूसम द्रव्यांचे किंवा मद्याचे व्यसन सुटलेल्या रुग्णांस ते सामान्यतः दररोज ५० मिग्रॅ. या मात्रेत देतात. याच औषधाची त्याहून पुष्कळच कमी, म्हणजे साधारणपणे दररोज १ ते ५ मिग्रॅ. आणि बहुधा रात्री झोपताना ४·५ मिग्रॅ. मात्रा काही चिरकारी वेदनांच्या व शोथजन्य विकारांत वापरली जाते. तिला ‘अल्पमात्रा नालट्रेक्सोन उपचार’ असे म्हणतात.

अल्पमात्रा उपचार घेणाऱ्या व्यक्तीसही अपघात, शस्त्रक्रिया, प्रसूती, मूतखडा यांसारख्या प्रसंगी काही तास किंवा काही दिवस तीव्र वेदनाशामकांची गरज पडू शकते. एकाच ग्राहीवर परस्परविरुद्ध क्रिया करणारी दोन औषधे एकाच वेळी शरीरात असली, तर एक तर वेदना शमत नाहीत, किंवा वेदना शमविण्यासाठी मात्रा वाढवीत गेल्यास श्वसन मंदावण्याचा धोका उद्‌भवतो. म्हणून नालट्रेक्सोन केव्हा थांबवावे, मधल्या काळात वेदना कशाने शमवाव्यात आणि ते पुन्हा केव्हा सुरू करावे, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. औषधाची ग्राहीवरील क्रिया आणि त्याच्या निचऱ्याची गती समजून घेतल्यास या प्रश्नांची उलगड होते.

इतिहास : अफूतील मुख्य वेदनाशामक घटक असलेले मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेते फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर यांनी वेगळे केले [→ अफू]. मॉर्फिनाच्या वर्गातील रेणूत नायट्रोजनाला जोडलेला लहानसा गट बदलला, तर त्याची क्रिया उलटी होऊ शकते, याची पहिली सूचना १९१५ मध्ये युलिउस पोल यांच्या कोडिनाच्या एका अनुजातावरील प्रयोगांतून मिळाली. १९४० नंतरच्या दशकात नॅलॉर्फीन हे विरोधक उपलब्ध झाले. पण त्याच्या अंगी काही प्रमाणात अफूसम गुणही होते व त्यामुळे रुग्णास अस्वस्थता आणि भ्रम होत असत. १९६१ मध्ये नॅलोक्सोन हे जवळजवळ शुद्ध विरोधक तयार झाले व १९७१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. विषबाधेत ते अतिशय गुणकारी ठरले. तथापि तोंडाने घेतल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि टोचून दिल्यास त्याचा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो.

नालट्रेक्सोनाचे संश्लेषण १९६३ मध्ये अमेरिकेतील एंडो लॅबोरेटरीज या संस्थेत झाले. तोंडाने घेता येणे व परिणाम दीर्घकाळ टिकणे हे त्याचे दोन विशेष होत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये अफूसम द्रव्यांच्या व्यसनासाठी आणि १९९४ मध्ये मद्यासक्तीसाठी त्यास मान्यता दिली. महिन्यातून एकदा स्नायूत टोचावयाचे ३८० मिग्रॅ. मात्रेचे दीर्घक्रिय रूप २००६ मध्ये मद्यासक्तीसाठी आणि २०१० मध्ये अफूसम द्रव्यांच्या व्यसनासाठी मान्य झाले. २०१४ पासून बुप्रोपिऑन या औषधाबरोबर त्याचे मिश्रण स्थूलतेवरील उपचारातही वापरात आले. या निरनिराळ्या रूपांतील मात्रा व क्रियेचा काल वेगवेगळे असल्यामुळे ‘रुग्ण नालट्रेक्सोन घेतो’ एवढीच माहिती शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेशी ठरत नाही.

ग्राहीवरील क्रिया : अफूसम द्रव्यांचे ग्राही शरीरात असल्याचा प्रत्यक्ष पुरावा १९७३ मध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी बॉल्टिमोर येथे, एरिक सायमन यांनी न्यूयॉर्क येथे आणि लार्स तेरेनियस यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे मांडला. पुढे १९७५ मध्ये जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी ॲबर्डीन येथे एन्केफॅलिने ही शरीरातच निर्माण होणारी अफूसम पेप्टाइडे शोधून काढली. म्हणजे हे ग्राही मुळात शरीराच्या स्वतःच्या वेदनानियंत्रणासाठी आहेत; बाहेरून दिलेले मॉर्फीन त्यांचाच उपयोग करून घेते. या ग्राहींचे म्यू, डेल्टा व कॅपा असे मुख्य प्रकार असून नित्याची तीव्र वेदनाशामके प्रामुख्याने म्यू ग्राहींवर क्रिया करतात. श्वसन मंदावणे, बद्धकोष्ठ, बाहुल्या आकुंचित होणे व सुखभ्रम हे परिणामही याच ग्राहींमार्फत होतात.

नालट्रेक्सोनाची म्यू ग्राहीविषयीची आसक्ती मॉर्फिनाहून अधिक असते. हा विरोध स्पर्धात्मक स्वरूपाचा आहे. म्हणजे ग्राहीभोवती दोन्ही द्रव्ये उपस्थित असता कोणाचा वरचष्मा होईल, हे त्यांची आसक्ती व त्यांचे प्रमाण या दोहोंवर अवलंबून असते. त्यामुळे मॉर्फिनाची मात्रा अनेक पटींनी वाढविल्यास अवरोध काही अंशी मोडता येतो. परंतु नालट्रेक्सोनाचा निचरा सतत चालूच असतो. दुपारी अपुरी वाटलेली मॉर्फिनाची मोठी मात्रा, अवरोध ओसरल्यावर, सायंकाळी जीवघेणी ठरू शकते. प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठा धोका याच वस्तुस्थितीत दडलेला आहे.

मात्रा व निचरा : तोंडाने घेतलेले नालट्रेक्सोन आतड्यातून जवळजवळ संपूर्णपणे शोषले जाते, पण त्याचा मोठा भाग पहिल्याच फेरीत यकृतात रूपांतरित होतो आणि ५ ते ४० टक्के भागच मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतो. मूळ औषधाचा अर्धायुकाल सु. ४ तास असतो. यकृतात तयार होणाऱ्या ६-बीटा-नालट्रेक्सॉल या मुख्य चयापचयजन्य पदार्थाचा अर्धायुकाल सु. १३ तास असून त्याच्या अंगी सौम्य विरोधक गुण असतो. या आकड्यांवरून असे दिसते की, २४ तासांत मूळ औषधाचे सहा अर्धायुकाल उलटून रक्तातील प्रमाण सु. एक चौसष्टांशावर येते. परंतु चयापचयजन्य पदार्थाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग तेव्हाही शिल्लक असतो. ७२ तासांनंतर तोही दोन-तीन टक्क्यांपर्यंत घटतो.

रक्तातील प्रमाण घटले, म्हणजे ग्राही लगेच मोकळे झाले, असे मात्र होत नाही. ५० मिग्रॅ. नालट्रेक्सोन शिरेवाटे दिलेल्या २५ मिग्रॅ. हेरॉइनाचा परिणाम सु. २४ तास, १०० मिग्रॅ. मात्रा ४८ तास आणि १५० मिग्रॅ. मात्रा ७२ तास रोखून धरते, असे आढळले आहे. अल्पमात्रेत अवरोध याहून पुष्कळ अल्पकालिक असतो. रात्री घेतलेल्या ४·५ मिग्रॅ. मात्रेचा ठळक परिणाम काही तासांत ओसरतो, असे मानले जाते. तथापि यकृताच्या विकारांत हे गणित बिघडते. यकृतकाठिण्य झालेल्या रुग्णांत रक्तातील नालट्रेक्सोनाचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या कित्येक पट आढळते. अशा रुग्णांत नेहमीचे अंतर पुरेसे मानता येत नाही.

अल्पमात्रा उपचार : या उपचाराचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या हर्शी येथील वैद्यकीय महाविद्यालयात इयन झॅगन व पॅट्रिशिया मॅक्लॉक्लिन यांनी उंदरांतील अर्बुदांवर प्रयोग केले. नालट्रेक्सोनाच्या अवरोधाचा काल अल्प की दीर्घ यावर अर्बुदाच्या वाढीवरील परिणाम अवलंबून असतो, असे त्यांनी १९८३ मध्ये दाखविले. त्याच दशकात न्यूयॉर्कमधील वैद्य बर्नार्ड बिहारी यांनी रोगप्रतिकारक्षमता घटलेल्या रुग्णांत अल्पमात्रेचा वापर सुरू केला.

या उपचाराच्या क्रियेविषयी दोन उपपत्ती मांडण्यात येतात. पहिलीनुसार रात्री काही तास ग्राही अडविले गेल्यामुळे शरीर प्रतिक्रिया म्हणून स्वतःची अफूसम पेप्टाइडे व ग्राही अधिक प्रमाणात निर्माण करते आणि अवरोध ओसरल्यावर त्यांचा लाभ मिळतो. दुसरीनुसार नालट्रेक्सोन मेंदू व मेरुरज्जूतील मायक्रोग्लिया या कोशिकांवरील एका वेगळ्या ग्राहीस अडवून तंत्रिका तंत्रातील शोथ कमी करते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने यांतील पहिली उपपत्ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. विरोधक दीर्घकाळ दिल्यास ग्राहींची संख्या व संवेदनक्षमता वाढते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. अशा व्यक्तीत औषध थांबविल्यानंतर अफूसम द्रव्याची नेहमीची मात्राही अपेक्षेपेक्षा अधिक परिणाम करू शकते.

उपचाराच्या गुणाविषयीचा पुरावा संमिश्र आहे. फायब्रोमायाल्जिया या सर्वांगातील चिरकारी वेदनांच्या विकारावर जॅरेड यंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३१ स्त्रियांचा समावेश होता. नालट्रेक्सोनाच्या काळात वेदना सु. २९ टक्क्यांनी, तर औषधरहित गोळीच्या काळात १८ टक्क्यांनी कमी झाल्या. याउलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील ९९ स्त्रियांच्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर ६ मिग्रॅ. नालट्रेक्सोन व औषधरहित गोळी यांच्या वेदनाशमनात अर्थपूर्ण फरक दिसून आला नाही. क्रोन रोग, बहुविध तंत्रिकाकाठिण्य इ. विकारांतील अभ्यासही लहान आहेत. औषध स्वस्त असून ते सामान्यतः सोसते. विचित्र स्वप्ने, झोपमोड व डोकेदुखी हे त्याचे नित्याचे उपद्रव होत. बाजारातील प्रचलित गोळी ५० मिग्रॅ. ची असल्यामुळे अल्पमात्रा बहुधा औषधनिर्मात्याकडून खास तयार करून घ्यावी लागते. यामुळे ती पुष्कळदा रुग्णाच्या नेहमीच्या औषधसूचीत नोंदली जात नाही आणि भूलतज्ञापर्यंत तिची माहिती पोहोचत नाही.

संयोगाचे तीन धोके : नालट्रेक्सोन व अफूसम द्रव्य यांची गाठ पडण्याचे तीन प्रकार संभवतात व प्रत्येकाचा धोका वेगळा असतो. पहिल्या प्रकारात नालट्रेक्सोन शरीरात असताना अफूसम वेदनाशामक दिले जाते. अशा वेळी वेदना अपुऱ्या शमतात आणि मात्रा वाढवीत नेल्यास अवरोध ओसरताच श्वसनावसाद होतो. दुसऱ्या प्रकारात नालट्रेक्सोन थांबविल्यानंतर काही काळाने अफूसम द्रव्य दिले जाते. येथे वाढलेल्या संवेदनक्षमतेमुळे नेहमीची मात्राही जास्त होण्याची शक्यता असते. म्हणून आरंभीच्या मात्रा लहान ठेवून रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या प्रकारात शरीर अफूसम द्रव्यास सरावलेले असताना नालट्रेक्सोन दिले जाते. त्यामुळे ग्राहींवरील अफूसम द्रव्य अकस्मात हुसकले जाऊन निवर्तन लक्षणे उद्‌भवतात. घाम, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब व कमालीची बेचैनी ही लक्षणे गोळी घेतल्यापासून थोड्याच वेळात सुरू होतात आणि ती ४८ तासांपर्यंत टिकू शकतात. मात्रा एक-दोन मिलिग्रॅम इतकी लहान असली, तरी अवलंबित्व आलेल्या व्यक्तीत ही लक्षणे उद्‌भवू शकतात. ‘अल्पमात्रा’ हा शब्द या बाबतीत निर्धास्त करणारा नाही.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी : शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरलेली असल्यास पहिला प्रश्न अफूसम द्रव्याची गरज खरोखर पडेल काय, हा असतो. दाढ काढणे, त्वचेवरील लहान गाठ काढणे यांसारख्या गोष्टी स्थानिक भूल देऊन करता येतात. नंतरच्या वेदनांसाठी पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन यांसारखी औषधे पुरतात. लिग्नोकेनासारख्या स्थानिक भुलेची क्रिया तंत्रिकांतील सोडियमाच्या वहनावर होत असल्याने नालट्रेक्सोनाचा तिच्यावर परिणाम होत नाही. अशा वेळी औषध बंद करण्याचे कारण नसते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढणे यासारख्या शस्त्रक्रियेत भूल देतानाच सामान्यतः फेंटानिलासारखे द्रव्य वापरतात आणि नंतरचे एक-दोन दिवस त्याची गरज लागू शकते. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही गरज काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत राहते. अशा प्रसंगी औषध आधी थांबविणे आवश्यक असते. पूर्ण मात्रेचे तोंडी नालट्रेक्सोन शस्त्रक्रियेपूर्वी ७२ तास थांबवावे आणि दीर्घक्रिय अंतःक्षेपणानंतर सु. ३० दिवस जाऊ द्यावेत, अशी मार्गदर्शक सूचना व्यसनचिकित्साशास्त्रात रूढ आहे. अल्पमात्रेसाठी व्यवहारात २४ ते ७२ तासांचे अंतर ठेवण्यात येते. निचऱ्याची वर सांगितलेली गती पाहता २४ तासांत बराचसा अवरोध ओसरलेला असतो, तर ७२ तासांचे अंतर यकृतदोष किंवा मोठी शस्त्रक्रिया असल्यास अधिक सुरक्षित ठरते. अंतिम निर्णय भूलतज्ञाने रुग्णाची मात्रा, यकृताची स्थिती व शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहून घ्यावयाचा असतो.

नालट्रेक्सोन सवय लावणारे नसल्यामुळे ते एकदम थांबविल्यास निवर्तन लक्षणे होत नाहीत. मूळ विकाराच्या वेदना मात्र काही दिवसांत पुन्हा जाणवू लागतात व त्या शस्त्रक्रियेच्या वेदनांशी मिसळतात. ही शक्यता रुग्णास आधी सांगून ठेवणे श्रेयस्कर असते. अफूसम द्रव्याचे व्यसन सुटलेल्या रुग्णाची स्थिती निराळी असते. त्याची सह्यता नष्ट झालेली असल्याने पूर्वीची मात्रा आता मारक ठरू शकते आणि औषध थांबविल्याने व्यसन उलटण्याचाही धोका असतो. अशा रुग्णाचे नियोजन व्यसनचिकित्सकाच्या सल्ल्यानेच करावे लागते.

शस्त्रक्रियेच्या काळातील वेदनाशमन : अफूसम द्रव्यांवाचून किंवा त्यांच्या अल्प वापराने वेदना शमविण्याची साधने आता विपुल आहेत. पॅरासिटॅमॉल, शोथरोधक वेदनाशामके, तंत्रिकेभोवती दिलेली स्थानिक भूल, पाठीतून दिलेली भूल, केटामीन इत्यादींचा एकत्रित वापर केल्यास प्रत्येकाची मात्रा मर्यादित राहते आणि अफूसम द्रव्याची गरज घटते. ही साधने नालट्रेक्सोनाच्या अवरोधापासून मुक्त असतात. मात्र पाठीतून भूल देताना स्थानिक भुलेच्या जोडीला पुष्कळदा मॉर्फीन किंवा फेंटानिल मिसळतात. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात दिलेल्या मॉर्फिनाचा परिणाम सु. एक दिवस टिकतो. सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर स्त्रीने त्या रात्री नेहमीप्रमाणे नालट्रेक्सोनाची गोळी घेतल्यास हा परिणाम अचानक नाहीसा होऊ शकतो. ‘पाठीत सुई दिली, तोंडाने काही अफूसम औषध घेतले नाही’ एवढ्यावरून गोळी घेण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

आकस्मिक प्रसंग : अस्थिभंग, भाजणे किंवा मूतखड्याची कळ यांत थांबण्यास वेळ नसतो. अशा वेळी अखेरची मात्रा किती व केव्हा घेतली, ही माहिती सर्वांत मोलाची ठरते. रात्री ४·५ मिग्रॅ. घेतलेल्या व्यक्तीस दुसऱ्या दिवशी सायंकाळी अपघात झाला, तर अफूसम द्रव्य बहुधा उपयोगी पडते. तेच गोळी घेतल्यानंतर दोन तासांत घडले, तर नेहमीची मात्रा निष्फळ ठरू शकते. प्रथम स्थानिक तंत्रिकारोध व अफूसम नसलेली औषधे वापरावी लागतात. मूतखड्याच्या कळेवर डायक्लोफेनॅकासारखे शोथरोधक औषध मूत्रपिंडाची स्थिती ठीक असल्यास चांगले गुणकारी असते. अफूसम द्रव्य टाळता येत नसेल, तर शीघ्र क्रिया करणारे व लवकर ओसरणारे द्रव्य पसंत करतात. ते थोड्या थोड्या मात्रेत देऊन प्रत्येक वेळी परिणाम पाहतात. हे उपचार कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात व प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखालीच केले जातात. अवरोध मोडण्यासाठी दिलेल्या मोठ्या मात्रांमुळे ग्राहींशी संबंध नसलेले परिणामही, उदा., हिस्टामीन मुक्त होऊन खाज, चेहऱ्यावर सूज व श्वासनलिकांचे आकुंचन, होऊ शकतात. वेदना शमल्यानंतरही काही तास रुग्णाच्या श्वसनावर लक्ष ठेवावे लागते. वेदना शमत नाहीत म्हणून घरी स्वतःहून गोळ्या वाढवीत जाणे हे या परिस्थितीतील सर्वांत घातक कृत्य होय.

पुन्हा सुरुवात : नालट्रेक्सोन पुन्हा सुरू करण्याचा मुहूर्त शस्त्रक्रियेच्या तारखेवरून नव्हे, तर अफूसम द्रव्याच्या अखेरच्या मात्रेवरून मोजावयाचा असतो. अल्पकाल क्रिया करणारे द्रव्य मोजके दिवसच घेतले असेल, तर अखेरच्या मात्रेनंतर किमान तीन दिवस थांबणे हे सावध अंतर होय. नियमितपणे व दीर्घकाळ सेवन झाले असल्यास अवलंबित्वाची शक्यता गृहीत धरून ७ ते १० दिवस थांबतात. मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फीन वापरले असल्यास हा काल दोन आठवड्यांपर्यंत वाढू शकतो. त्वचेवर लावावयाच्या फेंटानिलाच्या पट्टीच्या बाबतीत पट्टी काढल्यानंतरही त्वचेखालील साठ्यातून द्रव्य रक्तात येत राहते. म्हणून पट्टी काढली तो क्षण अखेरच्या मात्रेचा मानता येत नाही. शंका असल्यास मूत्रपरीक्षा किंवा नॅलोक्सोनाची लहानशी मात्रा देऊन निवर्तन लक्षणे होतात काय, हे वैद्यकीय देखरेखीखाली पाहता येते. अल्पमात्रा उपचार पुन्हा सुरू करताना पूर्वीची संपूर्ण मात्रा एकदम न देता १ ते १·५ मिग्रॅ. पासून क्रमाने वाढवीत नेण्याची पद्धत आहे. घाई केल्यास निवर्तन लक्षणे होतात, थांबल्यास मूळ विकाराच्या वेदना काही दिवस अधिक सोसाव्या लागतात. दोहोंत थांबणे हाच कमी हानीचा मार्ग ठरतो.

नकळत घेतली जाणारी अफूसम द्रव्ये : अफूसम द्रव्य म्हणजे मॉर्फिनाचे अंतःक्षेपण, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात ट्रॅमॅडॉल हे भारतात सर्रास लिहून दिले जाणारे वेदनाशामक असून पॅरासिटॅमॉलबरोबरच्या मिश्र गोळ्यांतही ते असते. यकृतात त्यापासून तयार होणारा पदार्थ म्यू ग्राहींवर क्रिया करतो. ट्रॅमॅडॉल तंत्रिकांतील सेरोटोनीन व नॉरॲड्रेनॅलीन यांवरही परिणाम करीत असल्याने नालट्रेक्सोन असतानाही त्याचा थोडा गुण येतो. त्यामुळे दोन्ही औषधांचा संयोग निर्धोक असल्याचा गैरसमज होतो. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याच्या कक्षेत ट्रॅमॅडॉल २०१८ मध्ये आणण्यात आले. टॅपेंटॅडॉल हेही याच प्रकारचे औषध होय. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि डायफेनॉक्सिलेट व लोपेरामाइड ही जुलाबावरील औषधे अफूसम वर्गातीलच आहेत. नालट्रेक्सोनामुळे त्यांचा गुण कमी होऊ शकतो.

माहितीचे महत्त्व : या विषयातील बहुतेक अपाय औषधाच्या विषारीपणापेक्षा माहितीच्या अभावातून होतात. अल्पमात्रा एक चिकित्सक देतो, शस्त्रक्रिया दुसरा करतो, भूल तिसरा देतो आणि घरी गेल्यावरची गोळी चौथाच लिहून देतो. औषध किरकोळ मात्रेचे, रात्रीचे व खास तयार करून घेतलेले असल्यामुळे ‘इतर कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात रुग्ण ते सांगण्यास विसरतो. म्हणून औषधाचे नाव, मात्रा, तोंडी की दीर्घक्रिय अंतःक्षेपण, नेहमी घेण्याची वेळ, ते कोणत्या विकारासाठी चालू आहे आणि लिहून देणाऱ्या चिकित्सकाचे नाव यांची नोंद असलेले कार्ड रुग्णाने जवळ बाळगावे व घरातील निकटच्या व्यक्तीस त्याची कल्पना देऊन ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर घरी परतताना मिळालेल्या प्रत्येक वेदनाशामकात अफूसम घटक आहे काय, हे विचारून घ्यावे आणि अखेरच्या मात्रेची तारीख व वेळ त्याच कार्डावर लिहावी. नालट्रेक्सोन घेणाऱ्या व्यक्तीस तीव्र वेदनांवरील उपचार नाकारण्याचे कारण नाही. दोन औषधांमधील अंतर योग्य राखल्यास तिलाही इतरांइतकेच वेदनाशमन लाभू शकते.